अक्काच्या कानातला सेल

आमच्या नात्यागोत्यात धारवाडच्या त्या तीन दिवसांची हकीकत आता एका ठरावीक रूपात सांगितली जाते. ती अशी : मिरजेच्या दत्तूमामांनी एका जुनाट कॅमेऱ्याच्या वेडापायी सख्ख्या बहिणीच्या कानातले यंत्र रिकामे केले, आणि तिच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या संध्याकाळी ती बिचारी आपल्याच सोहळ्यात काही न ऐकता बसून राहिली.

या हकीकतीत सोहळा खरा आहे, कॅमेरा खरा आहे आणि बहीण खरी आहे. बाकीचे मला मान्य नाही. लग्नामुंजीत भेटणाऱ्या प्रत्येकाला बाजूला घेऊन खुलासा करण्याइतके पाय आता चालत नाहीत. म्हणून एकदाच, क्रमाने, लिहून ठेवतो.

मिरजेहून धारवाडला

दोन हजार दोन सालचा डिसेंबर होता. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ऐंशी पुरी झाली होती. तिचा मुलगा अनंत धारवाडात वकिली करतो. त्याने पौर्णिमेचा दिवस धरून सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला आणि मला फोनवर सांगितले, "मामा, तू नुसता ये. फोटो, व्हिडिओ, सगळ्याला माणसं सांगितलीत."

मी त्याच फोनवर सांगितले की फोटो मी काढणार.

याचे कारण इतरांनी 'मामांचा हट्ट' असे नोंदवले आहे. खरे कारण वेगळे. अक्काचे डोळे फ्लॅशच्या उजेडाला इतके भितात की बटण दाबायच्या आधीच ती ते मिटून घेते. अनंताचे लग्न, नातवाची मुंज, घराची वास्तुशांत, कुठलाही अल्बम उघडा. मध्यभागी अक्का डोळे मिटून बसलेली. गेल्या कित्येक वर्षांत तिचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नाही. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो आणि धरणांच्या कामाचे फोटो काढणेही माझ्याकडेच असे. त्या काळात घेतलेला जपानी कॅमेरा माझ्यापाशी आहे. त्याची काच मोठी, आवाज अगदी हलका, आणि त्याला फ्लॅशची गरज नाही. मात्र त्याच्या पोटात प्रकाश मोजणारा मीटर आहे, आणि त्या मीटरला एक बटणासारखा पाऱ्याचा सेल लागतो.

उन्हात मला मीटर लागत नाही. सावली पाहून मी आकडे लावतो आणि ते चुकत नाहीत. धरणाच्या भिंती साक्षीला आहेत. पण दिव्यांच्या उजेडात माणसाचा डोळा लबाडी करतो. तो अंधाराला सरावतो आणि पुरेसा उजेड आहे असे आपल्याला पटवून देतो. तिथे मीटरच हवा. माझे एक मिरजेचे स्नेही आजही म्हणतात की अंदाजाने काढला असता तरी आला असता. त्यांनी आजवर दिव्याच्या उजेडात एकही फोटो काढलेला नाही, एवढेच नोंदवतो.

पाऱ्याचे सेल करणे कारखान्यांनी केव्हाच बंद केले. पारा विषारी, तो जमिनीत मुरतो, हे योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याकडे शेवटचा एक उरला होता, तो मी फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे जपला होता. निघण्याआधी कॅमेऱ्यात बसवला, सुई हलली, आणि मी गाडीत बसलो.

बेळगाव गेल्यावर गारठा वाढला. लोंढ्याचे जंगल, अळणावरला चढलेल्या भाताच्या पेंढ्या आणि त्यांच्यासोबतच्या बाया, हे सारे मी याआधीही लिहिले आहे. या खेपेस बसून बसून कंबर इतकी धरली की खिडकीबाहेर पाहण्याचाही कंटाळा आला. धारवाडला उतरलो तेव्हा अनंताने पिशवी घेतली आणि मी सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला. सुई मेलेली. खालचे झाकण उघडले तर सेलाच्या कडेने हिरवी बुरशी बाहेर आली होती.

"गेला?" अनंताने विचारले.

"गेला."

"मग आमचा माणूस आहेच की, मामा." त्याच्या आवाजात समाधान होते. तो ते नाकारतो.

घरी अक्का सोप्यात बसली होती. कानामागे नवे यंत्र होते, बंगळूरच्या नातवाने करून घेतलेले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दत्तू, वाळलास की रे. बस. भाकरी खातोस का आधी पाणी?"

मिरजेची भाकरी मऊ आणि जाड असते, ती तव्यावरून ताटात यावी लागते. धारवाडची ज्वारीची भाकरी पापडासारखी कडक करून दुरडीत रचून ठेवतात आणि आठवडाभर खातात. माझ्या दातांची आता तिच्याशी बरोबरी होत नाही. अक्काची सून सुनंदा हिने न सांगता ती आमटीत बुडवून दिली. वर भरली वांगी आणि शेंगांची चटणी. त्या जेवणाबद्दल कुणाचीही कुठलीही हकीकत असो, मला ती मान्य आहे.

हुबळी

मिरजेहून निघताना त्याच स्नेह्यांनी छातीठोक सांगितले होते की हुबळीच्या दाजीबानपेठेत जुना माल मिळतो. कॅमेऱ्याचे, रेडिओचे, काहीही मागा. सकाळी धारवाडहून बसने निघालो. दाजीबानपेठेत पोहोचलो तर दोन्ही बाजूंना साड्या, खण, धोतरजोड्या आणि गाठोडी बांधणारी माणसे. एका घाऊक दुकानदाराने मला गादीवर बसवले, "बर्री, कूड्री," म्हणून पाणी पाजले आणि हातातला तो बुरशीचा सेल उलटापालटा करून पाहिला.

"हे काय, औषधाची गोळी?"

"कॅमेऱ्याचा सेल आहे. या पेठेत मिळतो असे कळले."

"कुणी सांगितलं, अण्णा?"

"मिरजेत."

"मिरजेचे लोक इथं लुगडीच घ्यायला येतात," तो म्हणाला. "घ्यायचंय का एखादं?"

मी अक्कासाठी एक इरकली घेतले. या प्रवासात ठरवल्याप्रमाणे पार पडलेली तेवढीच एक खरेदी, आणि ती मी ठरवलेली नव्हती.

नंतर घड्याळवाल्यांकडे फिरलो. बटणासारखे सेल म्हणजे घड्याळवाले, हा तर्क चुकीचा नव्हता. पण प्रत्येकाने काचेवर तो सेल ठेवून मान हलवली. "इल्ला री अज्जार, अदु ईग बरूदिल्ला." नाही आजोबा, ते आता येत नाही. एकाने तर इतक्या सहानुभूतीने सांगितले की जणू माझ्या घरी काही घडले आहे. दुपारपर्यंत पोटऱ्या भरून आल्या. दुर्गदबैलाच्या बाजूला एका गाड्यावर गिरमिट खाल्ले. चुरमुऱ्यांना कांद्याचिंचेचा मसाला चोळून वर बारीक शेव, सोबत मिरचीचे भजे. आमच्याकडे भडंग कोरडे; हे ओलसर, आणि हातातून तोंडापर्यंत नेताना सांडणारे. भज्याचे तेल कॅमेऱ्याच्या दृश्यकाचेवर लागले आणि पुढे सगळी हुबळी मला धुक्यात दिसू लागली. रुमालाने पुसले तर धुके पसरले.

शेवटी एका रिक्षावाल्याने केशवापूरला एका स्टुडिओपुढे सोडले. मालक पन्नाशीचे, गळ्यात सोन्याची साखळी, आणि बोलण्यात इतका आत्मविश्वास की मला माझ्या खात्यातले एक अभियंता आठवले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, "मस्त पीस हाय सर, देणार का?" असे विचारले, आणि मी उत्तर देण्याआधी खणातून एक नवाकोरा सेल काढून आत बसवला. सुई टुणकन वर गेली.

"झालं."

"हा पाऱ्याचा नाही."

"नाही सर. पण बसला की."

"याचे व्होल्टेज जास्त आहे."

"सर," ते शांतपणे म्हणाले, "सुई हलतीय का नाही?"

"हलते."

"मग सेलाची जन्मपत्रिका कशाला बघता?"

मी थकलो होतो. तेलकट काचेतून मला त्यांच्या दुकानातल्या उजेडाची पारखही करता येत नव्हती. सेल घेतला आणि बस धरली.

रायापूर

बस रायापूरला बंद पडली. वाहकाने सगळ्यांना उतरवले. रस्त्याकडेला एका चिंचेखाली मी कॅमेरा पुसून काढला आणि मोकळ्या सावलीत उभ्या असलेल्या एका माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर धरला. निरभ्र दुपार, झाडाची सावली. या उजेडाचे आकडे मला झोपेतही सांगता येतील. सुईने त्याहून एक घर जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड दाखवला. मी जागा बदलली, भिंतीवर धरला, माझ्या तळहातावर धरला. सुई ठामपणे खोटे बोलत होती.

तो पांढऱ्या सदऱ्याचा माणूस जवळ आला. "माझा काढला का?"

"नाही. उजेड मोजला."

"कमी पडला?"

"जास्त सांगतो आहे."

"जास्त असला तर चांगलंच की," तो म्हणाला, आणि बस सुरू झाली म्हणून धावला.

रात्री जेवताना अनंताने वकिली केली. "मामा, एक घर चुकतं ना? मग एक घर वजा कर. संपलं."

"चूक कायम एका घराची राहिली असती तर मी तिच्याशी संसार केला असता. हा सेल जसा उतरेल तशी चूक बदलेल. आणि अंधुक उजेडात ती किती होईल हे कुणालाच ठाऊक नाही."

"एका संध्याकाळीत किती उतरणार?"

या प्रश्नाला उत्तर होते. पण ते देताना मला जांभई आली, आणि अनंताने ती कबुली म्हणून धरली. तेव्हापासून तो सांगतो की मामांनी मुद्दा मान्य केला होता. जांभई ही कबुली नसते. एवढे तर त्याच्या कोर्टातही चालत नसेल.

पुन्हा केशवापूर

सोहळ्याच्या दिवशी सकाळी सगळे घर तोरणे बांधत असताना मी पुन्हा हुबळीला गेलो. याला कुणी वेड म्हणावे. पण केशवापूरच्या त्या मालकांनी मी निघताना "घरी जुना डबा हाय, बघून ठेवतो" असा शब्द दिला होता आणि मी दिलेला शब्द खरा धरणाऱ्या पिढीतला आहे. दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसलो. डबा आला. त्यात पाऱ्याचे सेल होतेही, पण माझ्या सेलाहून वाईट बुरशी आलेले.

"तुमचा सेल चुकीचा उजेड दाखवतो," मी सांगितले.

"सर, गावातली निम्मी लग्नं मी काढली. कुणी परत आलं नाही."

"फ्लॅशने काढलीत."

"मग काय चुलीच्या उजेडात काढायची?"

"आज मला तशाच उजेडात काढायचा आहे."

ते हसले नाहीत, हे मात्र सांगितले पाहिजे. त्यांनी चहा मागवला. "कुणाचा?"

"बहिणीचा."

"मग फ्लॅश मारून टाका सर. बहिणीच्या फोटोत कसली परीक्षा बघता?"

चहा चांगला होता. वाद तिथेच सोडून मी परतलो. बसमध्ये मला पहिल्यांदा असे वाटले की हा फोटो होणार नाही, आणि ते वाटणे अंगदुखीसारखे सगळीकडे पसरले.

वाती

आमच्या मिरजेकडे सहस्रचंद्रदर्शनाला ऐंशी दिव्यांचे औक्षण करतात. अक्काच्या घरी पद्धत वेगळी आहे. तिथे हजार वाती तुपात भिजवून मोठ्या पितळी परातीत मांडतात आणि चंद्र वर आला की एकदम पेटवतात. त्या वाती विकत आणायच्या नाहीत आणि ज्याचा सोहळा त्याने त्यातल्या काही स्वतः वळायच्या, असा त्या घराचा दंडक आहे. मी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. सोप्यात सुनंदा आणि शेजारच्या दोघी वाती वळत होत्या, आणि अक्का उरलेल्या कापसाचे सूत काढत बसली होती.

मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसलो. कॅमेऱ्यातून केशवापूरचा सेल काढून ठेवला, शेजारी माझा बुरशी आलेला सेल ठेवला, आणि भिंतीला डोके टेकले.

यापुढचे मी जपून लिहितो, कारण वाद इथेच आहे.

अक्काच्या कानातले यंत्र शिटी घालू लागले. कानात सैल झाले की ते तसे करते. तिने यंत्र काढले, बंद करायला त्याचे इवलेसे दार उघडले, आणि आतला सेल तिच्या ओच्यातल्या कापसात पडला. मी चाचपडून तो काढून दिला. तिने तो घेतला नाही. माझ्या तळहातावर तो आणि सतरंजीवरचा माझा सेल, यांच्याकडे ती पाहत राहिली.

"हा बारका, तो मोठा," ती म्हणाली. "पण घराणं एकच दिसतंय की रे."

मी भिंग काढले. तिच्या सेलावर बारीक अक्षरांत एक पूर्णांक चार व्होल्ट असे छापले होते. पाऱ्याच्या सेलाचे व्होल्टेज त्याहून केसभरच कमी असते. दोन दिवस ज्या आकड्यासाठी मी हुबळी तुडवली तो माझ्या बहिणीच्या कानात होता.

"अनंता," मी हाक मारली, "अक्काचे आणखी सेल कुठे आहेत?"

"संपले. मुलगा उद्या सकाळी येतोय बंगळूरहून, पाकीट घेऊन. का?" तो आला, त्याने पाहिले, आणि त्याला समजले. "नाही, मामा. अजिबात नाही. काल बोलला असतास तर हुबळीहून मागवला असता. आज आईचा दिवस आहे."

आता नीट वाचावे. मी तो सेल यंत्रात बसवला, दार लावले, आणि यंत्र अक्काच्या हातात दिले. सुनंदा समोर होती. ती कधी खोटे बोलत नाही. मात्र कुणी विचारले तर "मी वातींकडे बघत होते" असे म्हणते.

अक्काने यंत्र कानात घातले नाही. दार पुन्हा उघडले, सेल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"आई, तुला काहीही ऐकू येणार नाही," अनंत तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. "भटजी काय म्हणतात, मी काय बोलतो, काहीच नाही."

"ऐंशी वर्षं ऐकलं की बाळा. एका संध्याकाळीनं काय उणं होतंय?" मग ती माझ्याकडे वळली. "माणूस गेल्यावर भिंतीवर फोटो लावतात. माझा लावाल तो झोपलेला लावाल. एक तरी जागा असू दे."

अनंत तोरणे बघायला बाहेर गेला. मी सेल घेतला.

सेल कॅमेऱ्यात ठेवला तर तो खोबणीत खुळखुळू लागला. माझ्या सेलाहून तो अंगाने लहान. मी कागदाची पट्टी शोधू लागलो. अक्काने तो माझ्याकडून घेतला, हातातले वातीचे सूत त्याच्या कडेने गुंडाळले, पुन्हा गुंडाळले, बोटाने दाबून पाहिले, आणखी थोडे घेतले. वाती वळून वळून तिच्या बोटांना त्या दिवशी जी लय लागली होती त्याच लयीने. मग तिने तो स्वतः खोबणीत ठेवला. घट्ट बसला. मी झाकण लावून कॅमेरा दारातून दिसणाऱ्या चिंचोळ्या सावलीवर धरला. सुई जिथे थांबायला हवी तिथे थांबली.

"खरं बोलतोय?" अक्काने विचारले. मी मान हलवली. त्यापुढे तिच्याशी मानेनेच बोलावे लागणार होते.

हजार वातींचा उजेड

अनंताने सांगितलेला फोटोवाला आणि त्याचा व्हिडिओचा झगझगीत दिवा दोन्ही हजर होते. मी त्याला म्हटले, औक्षणाच्या वेळी हे बंद ठेवा. तो म्हणाला, "कत्तल्याग फोटो बरूदिल्ला री, अज्जार." अंधारात फोटो येत नाही. मी त्याला पंधरा मिनिटे समजावू शकलो असतो. तेवढा दम नव्हता.

तडजोड अनंताने केली, आणि याचे श्रेय मी त्याला देतो. "माझं बोलणं चालू असेल तोवर दुसरे सगळे दिवे बंद," तो म्हणाला. "तेवढ्यात काय काढायचं ते काढ. माझं संपलं की यांचं सुरू."

चंद्र परसातल्या नारळावर आला. परात पेटली. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना सांगतो : हजार वाती एकदम पेटल्या की ज्वाळा वेगळ्या दिसत नाहीत. परातीवर एक पिवळे पाणी हलल्यासारखे होते, तुपाचा वास घशाशी येतो आणि समोरच्या माणसाचा चेहरा खालून उजळतो. अक्का इरकली नेसून पाटावर बसली होती. विजेचे दिवे गेले. अनंत उभा राहिला.

मी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून तिचा चेहरा मोजला. माझ्या डोळ्याने जो अंदाज केला होता त्याहून उजेड बराच कमी होता. केशवापूरच्या सेलावर विसंबलो असतो तर काळी पाटी हाती आली असती. काच पूर्ण उघडली आणि सेकंदाचा आठवा भाग ठेवला. एवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर धरायचा तर माझ्या वयाच्या माणसाने श्वास रोखलाच पाहिजे.

अनंत बोलू लागला. तो कोर्टात कसा बोलतो मला माहीत नाही. घरात तो कधी कुणाची स्तुती करत नाही. त्या संध्याकाळी त्याने कागद न घेता आईबद्दल सांगितले. वडील हुबळीच्या दवाखान्यात होते त्या वर्षी त्याची मॅट्रिकची परीक्षा होती. "प्रत्येक पेपराला," तो म्हणाला, "आई शाळेबाहेर उन्हात बसायची. मांडीवर डबा. मी खिडकीतून बघायचो आणि मला वाटायचं, हिच्यासाठी तरी उत्तर आलं पाहिजे." त्याचा आवाज तिथे फुटला. पाहुण्यांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

शाळेबाहेर अक्का बसली नव्हती. ती दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी होती. धरणावरून रजा काढून त्या उन्हात मी बसलो होतो. डबा तिचा, दवाखान्याच्या स्टोव्हवर केलेला, हे खरे. पण मांडी माझी होती.

अक्काला यातले काहीही ऐकू येत नव्हते. ती मुलाच्या तोंडाकडे पाहत होती, पुढे झुकून, ओठ किंचित उघडे, लहान मुलाला पहिल्यांदा बोलताना पाहावे तशी. डोळे पूर्ण उघडे, आणि दोन्ही डोळ्यांत परात. मी श्वास रोखला आणि बटण दाबले. फिल्म पुढे सरकवली, पुन्हा रोखला, पुन्हा दाबले. मग अनंत खाली बसला, झगझगीत दिवा लागला आणि अक्काने डोळे मिटून घेतले.

रोल मी मिरजेला आल्यावर धुतला. फोटो आला आहे. अनंताने त्याची मोठी प्रत करून आपल्या कचेरीत, पक्षकारांच्या खुर्चीसमोर लावली आहे, असे सुनंदा सांगते. त्याच फोटोखाली बसून तो लोकांना मामांनी आईच्या कानातला सेल काढून घेतल्याची गोष्ट सांगतो, हेही तीच सांगते.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आला, पाकीट आले. पण अक्काने आपला तोच सेल मागून घेतला, सूत सोडवले आणि यंत्रात घातला. मग अनंताला विचारले, "काल काय बोललास रे? सगळ्या बायका रडत होत्या."

अनंत वर्तमानपत्र वाचत होता. "काही नाही, आई. पाहुण्यांचे आभार मानले."

"एवढा वेळ?"

"पाहुणे पुष्कळ होते," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

माझी गाडी दुपारची होती. पिशवी भरून मी सोप्यात बसलो. कंबर, पोटऱ्या, डावा खांदा, सगळे आपापली बाजू मांडत होते. अक्का शेजारी येऊन बसली, यंत्राचा आवाज वाढवला आणि म्हणाली, "तू तिथं होतास. सांग."

मी सांगितले. त्याने जसे सांगितले तसेच, त्याच क्रमाने : दवाखाना, परीक्षा, शाळेबाहेरचे ऊन, मांडीवरचा डबा, खिडकी. 'हिच्यासाठी तरी' हे शब्दही. तिने पदराच्या टोकाने सावकाश डोळे पुसले. यंत्र कानात नीट बसवले.

"मी कुठं होते रे तिथं?" मग ती म्हणाली. "तू होतास की."

"त्याने असे सांगितले."

"आणि तू ऐकून घेतलंस?" तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "तू? भर सभेत कुणाचं चुकलं तर उठून उभा राहणारा माणूस. काही बोलला नाहीस?"

"फोटो काढत होतो," मी म्हणालो. "श्वास रोखलेला होता."